चार फूट आपले, मग चौक सगळ्यांचा

प्रति,
माननीय आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, नाशिक.

विषय : पुनर्विकासाचे नकाशे मंजूर करताना घराबाहेरच्या जागेचा विचार व्हावा.



शहरात सध्या दोन कामांची घाई चालू आहे. एक सिंहस्थाची आणि दुसरी पुनर्विकासाची. सिंहस्थाच्या कामांवर वर्तमानपत्रांचे, पुढाऱ्यांचे आणि भाविकांचे लक्ष आहे. पुनर्विकासाचे काम मात्र एकेका गल्लीत, एकेका सोसायटीच्या बैठकीत आणि आपल्या नगररचना विभागाच्या टेबलांवर शांतपणे पुढे सरकते आहे. कॉलेज रोड, महात्मानगर, इंदिरानगर, नाशिकरोड इथल्या ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतल्या तीन मजली इमारती उतरवल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी दुप्पट, तिप्पट उंचीच्या उभ्या राहत आहेत. सिंहस्थ बारा वर्षांनी पुन्हा येईल. या इमारती मात्र पुढची पन्नास वर्षे हलणार नाहीत. त्यांच्या पायाशी असलेली जमीन आज जशी आखली जाईल तशीच आपल्या नातवंडांच्या वाट्याला येणार आहे. म्हणून हे पत्र.

मला विचारायचे आहे ते साधे आहे. फ्लॅटचे दार उघडून, जिना उतरून किंवा लिफ्टने माणूस खाली आला, की तो कुठे उभा राहतो? आज बहुतेक ठिकाणी तो दोन मोटारींच्या मध्ये उभा राहतो.

डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात तिच्यात, मोकळ्या जागेची तरतूद आहे. भूखंड 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर 10 टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. पण नाशिक हे लहान प्लॉटांचे शहर आहे. इथली खरी वस्ती आठ, बारा, सोळा फ्लॅटच्या अपार्टमेंटमध्ये राहते. एकरभराचा प्लॉट ज्यांच्या नशिबी नाही, त्यांच्यापर्यंत हे 10 टक्के पोचतच नाहीत. यावर असे उत्तर मिळते, की मूळ लेआउट पडला तेव्हा त्यात ओपन स्पेस सोडलेली आहेच. आहे, आणि ती राखली पाहिजे यात शंका नाही. पण ती दोन गल्ल्या पलीकडे, जाळीच्या कुंपणात असते. तिथे ग्रीन जिम असते, समाजमंदिर असते, फिरायला फरशीचा पट्टा असतो. तो बगीचा झाला. कपडे बदलून, चपला घालून, कुलूप लावून जायची ती जागा. भाजी निवडत बसता येईल, पोर खेळताना स्वयंपाकघरातून नजर ठेवता येईल, शेजाऱ्याशी उभ्या उभ्या दोन शब्द बोलता येतील, ती जागा वेगळी. तिचा कायद्यात कुठेच उल्लेख नाही.

लहान प्लॉटवर उरतात ती फक्त सामासिक अंतरे, म्हणजे इमारत आणि कुंपण यांच्यामध्ये सोडलेली जागा. आपण कधी वेळ काढून कोणत्याही बारा फ्लॅटच्या इमारतीची बाजू पाहावी. साधारण दहा फूट रुंदीचा पट्टा, त्यात ड्रेनेजचे चेंबर, बोअरवेलची मोटर, एका कोपऱ्यात कोणाची तरी जुनी सायकल आणि मोडका कूलर. तळमजल्याच्या बाथरूमच्या खिडक्या या बाजूला. कंपाउंडची पाच फुटी भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या इमारतीचा तसाच दहा फुटी पट्टा, तशीच चेंबरे, तशाच खिडक्या. एवढ्या जागेत एकही दार उघडत नाही. ज्या जागेकडे दार उघडत नाही तिथे माणूस जात नाही, आणि जिथे माणूस जात नाही तिथे कचरा जातो किंवा गाडी जाते.

मग तळमजल्यावरचे एखादे कुटुंब त्या पट्ट्यात शहाबादी फरशी टाकते, दोन कुंड्या ठेवते, हळूच जाळी लावते. वरच्या मजल्यांवरून तक्रार येते. वार्षिक सर्वसाधारण सभेत आवाज चढतात, पत्र जाते, प्रकरण उपनिबंधकांच्या कार्यालयापर्यंत पोचते. शहरात अशी भांडणे किती, ते त्या कार्यालयातले लोक सांगतील. माझे मत स्पष्ट आहे. जाळी चूक आहे, पण जाळी लावण्यामागची इच्छा चूक नाही. दाराबाहेरची चार फूट जागा आपली म्हणावी, तिथे तुळस असावी, पाट टाकून बसावे, ही माणसाची जुनी गरज आहे. ती गरज नकाशात धरली नाही, की ती अतिक्रमण होऊन बाहेर येते. आणि उरलेली सगळी जागा ‘सर्वांची’ असे उपविधीत लिहून मोकळे झाले, की ती सर्वांची राहत नाही, पार्किंगची होते.

सामाईक अंगण टिकवायचे असेल तर त्याच्या कडेला प्रत्येकाचे थोडे थोडे खासगी हवे. ही दोन टोके एकमेकांच्या विरोधात आहेत असे समजून आपण नियम करत आलो. या पत्रात मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि त्याचे पुरावे याच शहरात, याच राज्यात आहेत.

जुन्या नाशकातले वाडे पाहा. जे उरलेत ते. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि दर पावसाळ्यात एखादी भिंत कोसळल्याची बातमी येते, त्यामुळे वाडा म्हटले की हल्ली पडझडच आठवते. पण त्याची आखणी बघण्यासारखी होती. रस्त्याला लागून ओटा : घराचा, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकता येईल असा. मग देवडी. मग चौक, ज्यात आड किंवा नळ, तुळशीवृंदावन, वाळवणे. चौकाभोवती ओसरी, आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारापुढचा ओसरीचा तुकडा त्या बिऱ्हाडाचा. कोणी रेघ मारलेली नव्हती, तरी दुसऱ्याच्या दारापुढे कोणी आपले धुणे वाळत घालत नसे. मागे परसदार. रस्त्यापासून माजघरापर्यंत जाताना जागा पायरी पायरीने खासगी होत जायची. आज फ्लॅटच्या दाराबाहेर पहिले पाऊल पडते तेच सगळ्यांच्या जागेत. मधली एकही पायरी नाही.

वाड्याचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. चौकातल्या एका नळावर किती बिऱ्हाडांनी किती वर्षे हाल काढले, सार्वजनिक संडासापुढे बायकांना कशा रांगा लावाव्या लागल्या, ते जुन्या पिढीला विचारावे. आणि सामाईक जागा म्हणजे कोणाची सामाईक, हा प्रश्न तर नाशिककरांना टाळताच येत नाही. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह याच शहरात सुरू झाला. देवळाचे दारही ज्यांच्यासाठी बंद, त्यांना वाड्यांचे चौक कुठून उघडे असणार? आजही एखादी सोसायटी भाडेकरूच्या मुलांना, घरकामाला येणाऱ्या बाईंना किंवा वॉचमनच्या कुटुंबाला बाकावर बसू देत नाही, तेव्हा त्याच इतिहासाची सावली तिथे पडलेली असते. सामाईक जागेची नवी मांडणी करताना हे दार आधी उघडावे लागेल.

दुसरे उदाहरण तर रस्त्याच्या पोटातच आहे. रंगपंचमीच्या रहाडी. तिवंधा चौक, पंचवटीतला शनी चौक, दिल्ली दरवाजा. वर्षभर या जागांवरून दुचाक्या जातात, भाजीच्या गाड्या उभ्या राहतात, आणि पाहुण्याला सांगितल्याशिवाय कळत नाही की पायाखाली पेशवेकाळापासून सांगितला जाणारा दगडी हौद आहे. रंगपंचमी आली की वरची माती आणि लाकडे काढतात, हौद साफ होतो, रंग उकळून तयार होतो, पूजा होते आणि मग धप्पा! धप्पा मारणारा उडी घेतो तेव्हा काठावरचा माणूसही नखशिखान्त रंगतो. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आणि महत्त्वाचे म्हणजे मान ठरलेला : अमुक घराण्याचा, अमुक तालमीचा. उघडायची कोणी, पूजा कोणी करायची, पुन्हा बुजवायची कोणी, हे पिढ्यान् पिढ्या ठरून आलेले. उडी मात्र कोणीही मारावी. काही रहाडी काळाच्या ओघात कायमच्या बुजल्या. ज्यांचे मानकरी उभे राहिले त्या अजून उघडतात. जागा सगळ्यांची पण जबाबदारी कोणाची तरी, ही व्यवस्था नाशिकला कोणी शिकवायला नको. सोसायटीच्या मोकळ्या जागेला मात्र असा मानकरी नसतो. असतो तो सेक्रेटरी, आणि त्याच्याकडे गच्चीची किल्ली.

गच्चीचे कुलूप हा स्वतंत्र विषय आहे, पण थोडे सांगतो. चैत्र-वैशाखात कुरडया घालायच्या तर पहाटे उठून चीक शिजवायचा, गच्चीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, चार घरच्या बायका मिळून सोऱ्या फिरवायचा. उन्हे चढायच्या आत काम उरकायचे. हे काम एकटीचे नव्हे, आणि ते बाल्कनीत होत नाही. ज्या सोसायट्यांत गच्चीची किल्ली मागावी लागते तिथे दोन-तीन वर्षांत वाळवणे बंद पडलेली मी पाहिली आहेत. कुरडया दुकानात मिळतात, पण चार घरच्या बायकांनी एकत्र बसायचे एकमेव निमित्त जाते ते परत येत नाही.

आता सिडकोकडे येतो, कारण तिथे हा प्रश्न सर्वांत उघडपणे दिसतो. नवीन नाशिकमध्ये सिडकोने योजनांमागून योजना बांधल्या, हजारो कामगार कुटुंबांना घर मिळाले. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसाला स्वतःचे छप्पर मिळाले ही लहान गोष्ट नव्हे. पण घरे ओळीने, भिंतीला भिंत लावून उभी होती, आणि समोर सरळ गल्ली. कुटुंब वाढले, मुलाचे लग्न ठरले, की वाढायला दोनच दिशा : वर आणि पुढे. जिना बाहेर आला, त्यावर खोली आली, गल्लीवर गॅलरी आली. 2018 मध्ये महापालिकेने या वाढीव बांधकामांवर कारवाईची तयारी केली तेव्हा सिडकोत केवढा असंतोष उसळला, हे आपल्या कार्यालयाच्या स्मरणात असेल. त्या लोकांना मी दोष देत नाही. वाढायला जागाच ठेवली नव्हती, म्हणून वाढ गल्लीवर गेली.

याच सिडकोने नवी मुंबईतल्या बेलापूरला वेगळे करून पाहिले होते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 1986 या काळात तिथे सुमारे सहा हेक्टरांवर साडेपाचशे कुटुंबांची वसाहत आखली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सात घरे एका चौकाभोवती, चौक साधारण आठ मीटर लांब-रुंद. असे तीन चौक मिळून एकवीस घरे, त्यांच्यामध्ये बारा मीटरचा मोठा चौक. त्याच्या पुढे त्याहून मोठा. प्रत्येक घराचा प्लॉट लहान, पंचेचाळीस चौरस मीटरपासून सुरू होणारा, पण स्वतंत्र. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, स्वतःचे अंगण आत. म्हणजे वाढायचे तर आपल्या हद्दीत वाढता येईल, शेजाऱ्याला विचारायला नको आणि चौकावर यायला नको. आज तिथली बहुतेक मूळ घरे ओळखू येत नाहीत, लोकांनी पाडून मोठी बांधली. कोरियांना ते अपेक्षितच होते. पण चौक बहुतांशी राहिले आहेत. खासगी जागा पुरेशी आणि स्पष्ट होती, म्हणून सामाईक जागा वाचली. एकाच संस्थेच्या, एकाच काळातल्या दोन वसाहती. नाशिकने यातून घेण्यासारखे खूप आहे.

बाहेरच्या देशांतही हेच दिसते. डेन्मार्कमध्ये 1972 मध्ये सेटेडामेन ही पहिली सहनिवास वसाहत उभी राहिली, सत्तावीस कुटुंबांची. घरे ज्याची त्याची, स्वयंपाकघर ज्याचे त्याचे, आणि मध्ये सगळ्यांचे अंगण व जेवणघर. पुढे तिथे अशा अनेक वसाहती झाल्या, आणि त्यांच्या आखणीत एक रीत रुजली : गाड्या वसाहतीच्या कडेला थांबणार, घरे चालण्याच्या वाटेकडे तोंड करून असणार, दारापुढे बसण्यापुरते छोटे अंगण आणि मागे संपूर्ण खासगी बाग. पुढच्या अंगणात बसलेला माणूस बोलायला मोकळा आहे, मागे गेलेल्याला हाक मारायची नाही. ओसरी आणि परसदार याहून निराळे काय आहे?

कायदाही नागरिकांच्या बाजूने आहे, पण तो अर्धाच वापरला जातो. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितले, की स्टिल्टमधली पार्किंगची जागा सामाईक आहे, बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही. 2013 मध्ये मुंबईच्या कोहिनूर प्रकरणात त्याच न्यायालयाने, सक्तीची मोकळी जागा पोडियमच्या छतावर दाखवून चालणार नाही, ती जमिनीवर आणि आकाशाला उघडी हवी, असा निकाल दिला. 2016 चा रेरा कायदा गच्ची, बाग, खेळायची जागा आणि उघडी पार्किंग यांना सामाईक क्षेत्रात धरतो. मात्र या सगळ्याखालची जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर हक्क कागदावरच राहतो. मोफा कायद्यानुसार सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत अभिहस्तांतरण व्हायला हवे, आणि बिल्डर टाळत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा मार्ग आहे. कितीतरी सोसायट्या पुनर्विकासाची चर्चा सुरू होईपर्यंत या फाइलला हात लावत नाहीत. ज्या अंगणावरून भांडतात ते अंगण त्यांचे नसतेच.

आता आपल्याकडून काय हवे ते सांगतो.

दोन लगतच्या इमारतींच्या मध्ये प्रत्येकी तीन मीटर, म्हणजे मिळून सहा मीटर जागा आजही पडून आहे. बेलापूरचा चौक आठ मीटरचा आहे. आपल्याकडे फक्त मध्ये भिंत आहे. लगतच्या सोसायट्या राजी असतील तर ती भिंत उतरवून सामाईक अंगण करायला महापालिकेने सोपी, लेखी परवानगी द्यावी. देखभाल कोणाकडे, ते दोन्ही सोसायट्यांच्या करारात नोंदवावे. आणि असे अंगण राखणाऱ्यांना मालमत्ता करात काही सवलत द्यावी. शेजारच्या दोन-तीन सोसायट्या एकत्र पुनर्विकासाला येत असतील तर त्यांना नकाशा मंजुरीत प्राधान्य मिळावे, कारण लहान प्लॉटांवर अंगणाला जागा निघते ती एकत्र आल्यावरच.

तळमजल्यावरच्या आणि जिन्यालगतच्या घरांना दारापुढे चार-पाच फूट ओटा नकाशातच दाखवू द्यावा. लेखी, मोजलेला, वर छप्पर न घालण्याच्या अटीवर. जे आधीच मोजून दिले त्याच्या पुढे सरकायला कोणी धजत नाही, आणि सरकला तर शेजारी बोट दाखवू शकतो.

तळघर प्लॉटच्या कडेपासून कडेपर्यंत खोदू देऊ नये. स्लॅबवर टाकलेल्या दोन फूट मातीत कडुनिंब वाढत नाही. निदान एका कोपऱ्यात खरी जमीन राहू द्यावी, जिथे पावसाचे पाणी मुरेल आणि एखादे मोठे झाड धरेल.

पार्किंगचे काय, असे आपले अधिकारी विचारतील, आणि तो प्रश्न खरा आहे. सिटीलिंक बस 2021 मध्ये सुरू झाली, तरी नाशिककराच्या घरी दोन दुचाक्या आणि एक मोटार हे आता नेहमीचे झाले आहे. गाड्यांना जागा द्यावीच लागेल. पण ती पुढच्या बाजूला, फाटकाजवळ, एकाच ठिकाणी द्यावी. आज गाडी लिफ्टच्या दारापर्यंत येते म्हणून मुलाला खाली पाठवायला आईला भीती वाटते. फाटकापासून जिन्यापर्यंत पन्नास पावले चालायला लागली तर त्या पन्नास पावलांत चार शेजारी भेटतात.

हे सगळे महापालिकेवर टाकून सोसायट्यांना मोकळे होता येणार नाही, हेही याच पत्रात त्यांना उद्देशून सांगायला हवे. ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी महापालिकेने लावलेली नाही. गच्चीला कुलूप आपण लावले. पुनर्विकासाच्या बैठकीत आपण कार्पेट एरिया किती वाढणार आणि कॉर्पस किती मिळणार हे तासन् तास विचारतो, आणि तळमजल्याचा नकाशा उलगडूनही पाहत नाही. बिल्डरकडून आलेला तो नकाशा सह्या करण्यापूर्वी सभेत भिंतीवर लावा. कोणते दार कुठे उघडते, पोरे कुठे खेळतील, म्हातारी माणसे संध्याकाळी कुठे बसतील, ते बोटाने दाखवून विचारा. अंगणाला वर्षभराचा मानकरी नेमा, दर वर्षी दुसरे घर.

माननीय आयुक्त, आपल्या छाननीच्या तक्त्यात एफएसआय, उंची, पार्किंगची संख्या, अग्निशमन अशा बऱ्याच रकान्यांसमोर खुणा होतात. त्यात एक रकाना वाढवावा : जमिनीवरच्या मोकळ्या जागेकडे किती घरांची दारे किंवा ओटे उघडतात? ज्या प्रस्तावात उत्तर शून्य असेल तो दुरुस्तीसाठी परत पाठवावा. यासाठी निधी लागत नाही. हे काम आपल्या आदेशाने सुरू होऊ शकेल किंवा शासनाकडे शिफारस पाठवून, ते आपण ठरवावे. पण येत्या महिन्यात टेबलावर येणाऱ्या प्रस्तावांपासून ते व्हावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक नाशिककर